आत्याचं तेल आणि डॉक्टरांची पन्नी

मी हे लिहावं की नाही, हे अजूनही मला नीट ठरवता आलेलं नाही. या पुरवणीत ज्यांच्या आठवणी छापून येतात ती माणसं मोठी असतात आणि लिहिणारेही त्यांच्या बरोबरीचे असतात. मी बुलढाण्याला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि जिच्याविषयी मी लिहितो आहे तिला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. तेव्हा या पंक्तीत न बोलावता येऊन बसल्याबद्दल मला माफ करावं. शब्द चुकले तर सांभाळून घ्यावं. राग दिसला तर मात्र सांभाळून घेऊ नये. तो आहे, आणि तो लपवायचा म्हटलं तर मग लिहिण्यासारखं काही उरत नाही.

कौतिकाआत्या गेली हे मला बुलढाण्याच्या एस.टी. स्टँडवर कळलं. आमचं गाव घाटाखाली, संग्रामपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिकडचे निरोप गाडीबरोबरच वर येतात. गाडीचा कंडक्टर ओळखीचा. घरून कधी भाकरीचं गाठोडं, कधी धुतलेले कपडे तो मला आणून देई. त्या दिवशी मी गाठोडं घ्यायला गेलो तर त्याचे हात मोकळे होते. "बापू, बस गाडीत," तो म्हणाला, "चाल घरी. तुही आत्या गेली." मी विचारलं, कशानं? तर म्हणाला, "पायात काटा भरला होता म्हणतात." मी बसलो. गाडी सुटली. मागच्या बाकावरच्या कोणीतरी विचारलं, कोण गेलं गा? आणि कंडक्टर, ज्यानं माझ्याकडून तिकिटाचा पैसासुद्धा घेतला नव्हता तो भला माणूस, हळू आवाजात म्हणाला, "अरे ते नाई का... तेलवाली."

घाट उतरेपर्यंत मी दुसरं काही ऐकलं नाही. तेलवाली. माणूस मेल्यावर तरी त्याला त्याच्या नावानं हाक मारावी. ते नाव तिला कोणी दिलं, कसं दिलं, आणि ते देणाऱ्याचं स्वतःचं मत पुढं काय झालं, एवढंच मला सांगायचं आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. माझी आजी लवकर गेली. माझा बा तेव्हा रांगतही नव्हता. त्याला आत्यानंच कडेवर घेऊन वाढवलं. पुढं तिला जळगाव जामोदकडे दिली होती. पण नवरा फार दिवस राहिला नाही, आणि ती परत आली ती कायमची. सासरहून येताना तिच्याजवळ एक पितळेची वाटी होती. ती वाटी आणि जवसाचं तेल हीच आमच्या घरातली आत्याची जागा. घाण्यावरचं काळपट, उग्र वासाचं तेल ती निखाऱ्यावर कोमट करी आणि मग जो समोर सापडेल त्याला धरी. पोराचं डोकं, बापाची पाठ, शेजारणीचा मुरगळलेला हात, एवढंच काय, बैलाचं मानेवरचं घट्टं. एकदा जामोदच्या स्टँडवर गाडीचा ड्रायव्हर लंगडत चालताना तिला दिसला. तिनं त्याला ओट्यावर बसवलं, पायजमा गुडघ्यावर सारायला लावला आणि पिशवीतून बाटली काढली. गाडी भरलेली. कोणीतरी खिडकीतून ओरडला, "आजीबाई, गाडीले टाइम हाय!" आत्यानं मानही वर केली नाही. "टाइम हाय तं हाय. लंगड्या डायवरच्या गाडीत बसाची हौस असन तं तूच चालव ना बे!" सगळी गाडी हसली. ड्रायव्हरही हसला. तेव्हा लोक तिच्या तेलाला हसत. पण ते हसणं वेगळं होतं. त्यात ती स्वतःही असे.

तिचा एक नेम होता. घरातलं कोणी मोठ्या कामाला निघालं, म्हणजे कोर्टाला, लग्नाला, परीक्षेला, परगावी, की त्याला पाटावर आडवं करायचं, बेंबीत तेलाचे थेंब सोडायचे आणि तळहातानं सगळं पोट चोळायचं. मी लहानपणी गुदगुल्यांनी वळवळायचो आणि विचारायचो, याच्यानं काय होते आत्या? ती म्हणे, "भेव पोटात ऱ्हायते बापू. बेंबीत तेल टाकलं का ते घसरून पडते." यात काही शास्त्र नव्हतं. मी कॉलेजात शिकलो म्हणून आता हे म्हणतो असं नाही, मला तेव्हाही ते ठाऊक होतं. आणि तरी सातवीच्या परीक्षेला जाताना मी स्वतःहून पाटावर जाऊन निजलो होतो.

मी मॅट्रिकच्या वर्गात होतो त्या हिवाळ्यात बाचं अंतर्गळाचं ऑपरेशन करायचं ठरलं. ज्वारीची पोती उचलून उचलून त्याचं आतडं उतरू लागलं होतं. रेल्वे असलेल्या एका गावी एका डॉक्टरांचा खासगी दवाखाना आहे, तिथं आम्ही गेलो. गावाचं आणि डॉक्टरांचं नाव मी लिहिणार नाही. ते वाईट गृहस्थ नाहीत. मुंबईला शिकलेले, हाताला यश असलेले, गरिबाशी नीट बोलणारे. वाईट असते तर मला राग धरणं सोपं गेलं असतं.

आमच्या शेजारच्या गावातला एकजण त्याच दवाखान्यात आधी ऑपरेशन करून आला होता. त्यानं आम्हाला सांगून ठेवलं होतं की आदल्या दिवशी साबणानं सगळं पोट घासतात, कातडी लाल होईस्तोवर घासतात, पिवळं औषध फासतात आणि वरून स्वच्छ फडकं बांधून ठेवतात. मग सकाळपर्यंत कोणाला हात लावू देत नाहीत. आम्ही त्याच तयारीनं गेलो होतो. तसं काही झालं नाही. डॉक्टरांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि मोठ्या कौतुकानं एक गुंडाळी उलगडून दाखवली. पातळ, पारदर्शक, एका बाजूनं चिकट असा प्लास्टिकचा कागद. परदेशातून कोणीतरी आणून दिला होता. ते त्याला ड्रेप म्हणत होते, आम्ही लगेच पन्नी म्हणू लागलो. "आपल्या कातडीवरच जंतू असतात," डॉक्टर म्हणाले. "सुरी आत जाते तेव्हा त्यांनाही बरोबर घेऊन जाते, आणि जखमेत पू होतो. आता हा कागद पोटावर चिकटवायचा आणि कागदासकटच कापायचं. जंतू खालच्या खाली दाबून राहिले, म्हणजे पू होण्याचा प्रश्नच मिटला." बा पाहतच राहिला. आत्यानं पन्नीला बोट लावून पाहिलं, बोट चिकटलं, आणि ती म्हणाली, "बाप्पा, माशी बसली तं उठाची नाई!" डॉक्टर मोकळेपणी हसले. मला ते सगळं फार आवडलं होतं. वाटलं, आपलं राज्य नवं, दवाखाना नवा, औषधं नवी... आता बरंच काही बदलणार.

पण त्या पन्नीच्या भरवशावर जुनं काम सैल झालं होतं. संध्याकाळी वॉर्डबॉय आला, स्पिरिटचा बोळा बाच्या पोटावरून फिरवला आणि गेला. साबण नाही, घासणं नाही, फडकं नाही. अंगाला काही लावू नका असंही कोणी सांगितलं नाही. सकाळी उजाडलं तशी आत्यानं व्हरांड्यातल्या चुलीवर वाटी ठेवली, आणि ज्या भावाला तिनं वाढवलं होतं तो आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या कामाला निघाला म्हणून त्याच्या बेंबीत तेल सोडलं, पोट चोळलं. वॉर्डबॉय खाटांमधून जाता-येता ते पाहत होता. "आजी, पैलवान करून राह्यली का?" असं म्हणून तो हसतही होता. आत कोणाला काही सांगावं, साबण-पाणी आणावं, असं त्याला वाटलं नाही. त्यानं का सांगावं? पन्नी होती ना.

आत काय झालं ते बानंच पुढं सांगितलं. त्याला पाठीत इंजेक्शन दिलं होतं, कमरेखालचं अंग बधिर, पण डोकं शुद्धीवर. पन्नी लावली ती एका कडेनं उचकटली. दुसरी लावली, तीही उचकटली. "चिकटत का नाही हे?" असं डॉक्टर दोनदा म्हणाले, आणि शेवटी, "राहू दे, कडेनं दाबून धर." आणि काम सुरू झालं. म्हणजे पोट तेलकट आहे हे त्या वेळी त्यांच्या हाताला कळलं होतं. थांबता आलं असतं. एक बादली पाणी आणि साबणाची वडी, एवढंच लागलं असतं. हे मी आज लिहितो आहे, कारण त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच हे सुचलं नाही, आणि ज्यांना सुचायला हवं होतं ते आमच्यापैकी नव्हते.

जखमेत पू झाला. बाला ताप चढला, टाके सुटले. आणि एका सकाळी राउंडला आलेले डॉक्टर बाच्या खाटेपाशी उभे राहून म्हणाले, "यांच्या पोटाला तेल कोणी लावलं होतं?" वॉर्ड भरलेला होता. आत्या पायथ्याशी बसली होती. ती उठली, पदर सारखा केला आणि चटकन म्हणाली, "म्या लावलं. काऊन?"

तिचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. तिला वाटलं, डॉक्टर कौतुकानं विचारत आहेत.

"मग तुम्हीच केलंत हे," डॉक्टर म्हणाले. ते रागावलेही नव्हते, थकलेले होते. मग बरोबरच्या माणसांकडे वळून म्हणाले, "परदेशातून कागद आणा, आणि या बाई सगळं तेलात घालणार." वॉर्ड हसला. खोकत, पोट धरत, टाके सांभाळत सगळे हसले. आत्या उभीच होती. तिनं बाकडे पाहिलं. बा अक्का म्हणायचा तिला. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "अक्का, तुह्याच हातानं झालं हे."

डॉक्टर पुढच्या खाटेपाशी गेले. त्यांना एवढंच लागलं, एक वाक्य. आम्हाला ते आयुष्यभर पुरलं.

बाची जखम उन्हाळ्यापर्यंत वाहत राहिली. ती बुजली तेव्हा तिथं आतडं पुन्हा उतरू लागलं होतं. आता तो चामड्याचा पट्टा बांधतो आणि नांगराला हात लावत नाही. त्याचं दुःख मी नाकारत नाही. पण त्या दुःखाला उत्तर म्हणून घरात एक माणूस आयतं सापडलं होतं. वॉर्डातल्या शेजाऱ्यांनी ती गोष्ट गावोगाव नेली, आणि तिच्याबरोबर 'तेलवाली' हे नावही. वाण्याच्या दुकानात आत्या गेली की ओट्यावरचा कोणीतरी म्हणे, "काय आत्याबाई, तेल घ्याले का? आज कोनाचं पोट हाय?" कोणी दवाखान्यात जायला निघालं तर त्याला सल्ला मिळे, "जाय बाप्पा, पण कौतिकाबाईले सांगू नको." तिला उत्तर देता येत नव्हतं असं नाही, एस.टी.च्या स्टँडवर भरल्या गाडीला गप्प करणारी बाई होती ती. पण आता ती खरंच मानत होती की आपण भावाला मारता मारता राहिलो. जो स्वतःला दोषी समजतो त्याला टोमणा मारणं फार सोपं असतं. गाव शूर झालं.

मी कॉलेजला निघालो त्या जूनमध्ये ट्रंक बांधून झाली, आईनं हातावर दही दिलं, आणि मी पाट घेऊन आत्यासमोर टाकला आणि आडवा झालो. शर्ट वर केला. ती चुलीपाशी बसली होती, हलली नाही.

"उठ बापू," ती म्हणाली.

"तेल लाव ना आत्या."

"नाई रे. डागतर म्हणाले ना... माह्या हातानं नाई."

"मले काय ऑपरेशनले जाचं हाय का? कॉलेजात जाऊन राह्यलो मी."

"हाव. म्हणूनच नाई." मग माझ्या केसांवर कोरडाच हात फिरवला. तो हात कोरडा असलेला मी पहिल्यांदाच अनुभवत होतो. आणि म्हणाली, "लय शिकजो. शिकल्यावर मले सांगजो, तेलानं काय होते ते. मी काई कोनाचं वाईट केलं नोतं रे..."

ते शब्द घेऊन मी घाट चढलो. बुलढाण्याला मी आर्ट्सला आहे. इथं मला इतिहास शिकवतात, मराठी शिकवतात. जवसाच्या तेलानं जखमेत काय होतं हे शिकवत नाहीत. एकदा धीर करून मी सायन्सच्या एका प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "अंगाला तेल लावून ऑपरेशनला जायचं म्हणजे अडाणीपणाच की." मी "हो सर" म्हणून परत आलो. डॉक्टर एक बोलले, प्राध्यापक तेच बोलले. त्यांच्यासमोर मी कोण?

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी मोठी बहीण शांता माहेरी आली आणि बाळंतपणासाठी राहिली. श्रावणात तिला मुलगा झाला. सुट्टीत मी घरी गेलो होतो, तेव्हा अंगणात त्याला न्हाऊ-माखू घालणं चालू होतं. आमच्या गावातली कित्येक पोरं आत्याच्या पायांवर न्हाली आहेत. मी न्हालो, शांता न्हाली. पण शांताच्या पोराला दुसऱ्या आळीतली एक बाई बोलावली होती. आत्या उंबऱ्यात बसून पाहत होती. ती बाई घाईनं चोळत होती, बाळ टाहो फोडत होतं. आत्याचे हात मांडीवर आपोआप हलत होते, जसे चोळताना हलतात तसे. न राहवून ती म्हणाली, "मान धर वं बाई, मान धर..." आणि माझी आई, जी एरवी नणंदेपुढे कधी मोठ्यानं बोलली नाही, ती तिथूनच म्हणाली, "राहू द्या वन्सं. तुमी नका हात लावू." आत्या उठून आत गेली. आईला मी बोललो त्या दिवशी. आई रडली. म्हणाली, "मले का हौस हाय? उद्या लेकराले काई झालं तं लोक काय म्हणतीन? डागतरनंच सांगतलं ना?" प्रत्येकजण तेच म्हणत होता. डॉक्टरनंच सांगितलं ना. जणू त्या एका वाक्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या.

कापूस वेचताना आत्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला तो दिवाळीनंतर. तिनं सुईनं काढला आणि गप्प राहिली. दुसरं कोणी असतं तर तिनं त्याची टाच मांडीवर घेऊन तेल-हळद भरली असती. स्वतःच्या टाचेला तिनं काही लावलं नाही, नुसती चिंधी बांधली. पाय सुजला, पोटरी तापली, ती लंगडू लागली तेव्हा आईच्या लक्षात आलं. बानं गाडी जुंपायला काढली. दवाखान्यात नेऊ म्हणाला, म्हणजे त्याच दवाखान्यात, आमच्या ओळखीचा तेवढाच. आत्यानं खांब धरला.

"तिथं नाई."

"अक्का, पाह्य ना, पाय कसा झाला!" कितीतरी दिवसांनी बानं तिला अक्का म्हटलं होतं.

"तिथं समदे हासतात, महाद्या. ते म्हणतीन, तेलवाली आली. डागतर इचारीन, आता काय लावलं? तू घरीच राहू दे मले."

ती हटली नाही. बाजवळ तिला नेण्याइतका जोर नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिला खांबावरून सोडवण्याइतकं तोंडही उरलं नव्हतं. पुढं ती वातात बोलू लागली, तेव्हा तिला उचलून गाडीत घातलं. रस्त्यात, गाडीतच ती गेली. हे सगळं आईनं मला सांगितलं. मी पोचलो तेव्हा राख सावडायची तेवढी राहिली होती.

लोक भेटायला आले. म्हणाले, अडाणी बाई, वेळेवर दवाखान्यात गेली असती तर वाचली असती. मी ऐकत होतो. हेच लोक, ओट्यावरचे. मला त्यांना घराबाहेर काढायचं होतं. पण मी त्यांना चहा दिला. आमच्याकडे मयताच्या घरी आलेल्याला तसं पाठवत नाहीत.

तेरवी झाल्यावर आई आत्याच्या वस्तू आवरत होती. दोन लुगडी, एक घोंगडी, आणि चुलीवरच्या कोनाड्यात ती पितळेची वाटी, पालथी घातलेली. ऑपरेशननंतर घरी आलो त्या दिवशी आत्यानंच ती पालथी घातली होती, तेव्हापासून कोणी हात लावला नव्हता. मी उचलायला गेलो तर ती उचलेना. जवसाचं तेल नुसतं पडून राहिलं की वाळतं आणि डिंकासारखं धरतं. वाटीच्या काठाला राहिलेलं तेल ओघळून कोनाड्याच्या मातीला घट्ट चिकटून बसलं होतं. आई म्हणाली, कोयत्यानं काढ. बा बाजेवर पट्टा सैल करून पडला होता. तो म्हणाला, "राहू दे. तिथंच राहू दे ते." आणि कूस बदलली. वाटी तिथंच आहे.

मी परत बुलढाण्याला आलो. हे सगळं लिहावं असं तेव्हा मनात नव्हतं. पण गेल्या आठवड्यात माझ्या वर्गातला वसंता, तो जामोदचा, त्याला अपेंडिक्ससाठी त्याच दवाखान्यात ठेवल्याचं कळलं. मला जायचं नव्हतं, पण मित्र होता. गेलो. तोच वॉर्ड, बाची खाट होती तिच्या पलीकडची खाट. वसंता उताणा पडला होता आणि कुरकुरत होता. "सिस्टरनं काल सारं पोट घासलं बे. साबण लावून लावून घासलं, जसं काही मी बैल हाय पोळ्याचा. मंग पिवळं औषध, मंग फडकं." मी विचारलं, "आणि पन्नी?" तो म्हणाला, "कशाची पन्नी?"

मी डॉक्टरांच्या खोलीपाशी जाऊन उभा राहिलो. आत जायला मला बराच वेळ लागला. त्यांनी बसायला सांगितलं, मी बसलो नाही. मी त्या चिकट कागदाचं विचारलं. "तो होय?" ते म्हणाले. "सोडून दिला मी. ज्यांना कागद नीट चिकटला त्यांच्याही जखमेत पू व्हायला लागला. खाली घाम धरायचा, कापलं की कडा सुटायच्या, तिथं रक्त-पाणी साचायचं. आणि त्याच्या भरवशावर आमची माणसं धुणं-घासणं टाळायला लागली, ते निराळंच. म्हटलं, नको, आपलं जुनंच बरं." हे सांगताना त्यांनी काही लपवलं नाही. स्वतःची चूक स्वतः ओळखून सुधारलेला माणूस जसा बोलेल तसे ते बोलत होते.

मी विचारलं, "आणि पेशंटच्या पोटाला तेल असेल तर?"

"तेल काय, साबणानं जातं. धुवायचं ते त्यासाठीच. आणि ते आमचं काम आहे, पेशंटचं नव्हे."

मग मी त्यांना बाचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, आत्याचं सांगितलं, ते वॉर्डात काय बोलले होते ते सांगितलं. त्यांनी आठवून पाहिलं. त्यांना आठवलं नाही. "म्हणालो असेन," ते म्हणाले. "त्या वेळी तसंच वाटलं असेल. का रे? वाईट वाटून घेतलं का त्यांनी?"

मी एवढंच विचारलं की हा कागद तुम्ही सोडला कधी.

ते म्हणाले, "गेल्या आखाजीच्या आधीच."

म्हणजे शांताच्या बाळाच्याही आधी, त्या काट्याच्याही आधी. त्या आखाजीला मी घरी होतो. आमच्या दारच्या निंबाला झोका बांधला होता, वर शांता बसली होती, आणि आत्या दोन्ही टाचा मातीत रोवून तिला झोका देत होती.